दिवा इझला, पाइप तापलेलाच

कासारवाडीच्या रहिमान फिटरच्या घरात भर दुपारीसुदा दिवे चालू असत्यात. त्याची बायको मुमताज वैतागून बटण बंद करती, आन् हा उठून पुन्हा लावतो. चहाचा कपसुदा आधी हाताच्या पाठीनं चाचपतो, मग उचलतो. गेल्या आखाडापासनं हे असं चाललंय.

चाकणकडच्या एका कंपनीच्या शेडमधी रहिमान आन् बबनराव जोडीनं कामाला व्हते. लोखंडी घोडीवर विमानाचं एक जुनं इंजिन बसवलेलं. ते चालवायचं आन् त्याची वाया जाणारी धग धरून वीज करायची, हा तिथला उद्योग. धुराच्या पाइपाला बिस्किटाएवढ्या चकत्या लावलेल्या, आन् त्यांच्यावरनं गार पाण्याचं जाकीट. चकतीचं एक अंग भाजलेलं, दुसरं गार, की दोन्हीमधल्या फरकावर वीज व्हती. त्या विजेवर एक दिवा पेटायचा. इंजिन बंद केलं तरी तो बराच वेळ जळत राहायचा.

त्यातनं ह्या दोघांनी आपली रीत पाडली. पाइप किती तापलाय ते दाखवणारा काटा पार साहेबाच्या खोलीत. तिथवर कोण जातंय? दिवा इझला म्हंजी पाइप निवाला, घाल हात.

"मावळला का रं तुझा सूर्य?" बबनराव इंजिनाच्या पलीकडनं वरडायचा.

"दम धर. अजून संध्याकाळ व्हायचीय त्याची."

दम धरायला बबनरावाला सांगायला नको. माणूस मुलखाचा रेंगाळ्या. त्याची बायको कौशल्याबाई त्याला गोगलगाय म्हणायची. डबा उघडला की ह्याची भाकरी सरायच्या आत बाकीच्यांचे हात धुऊन वाळायचे.

त्या दिवशी पाण्याचा टँकर आला न्हवता. कंपनीची बस सुटायची येळ झालेली. इंजिन थांबलं तसा रहिमाननं पंप बंद केला, आन् आहे ते पाणी वाचवावं म्हणून जाकिटाचे दोन्ही कॉक पिळून बंद केले. दिवा लगेचच इझला.

"मावळला का रं?"

"मावळला. घे खोलून, बस चुकंल."

बबनरावानं जाकिटाचा नट सैल केला. जाकिटात कोंडलेल्या पाण्याची वाफ त्याच्या तोंडावर, छातीवर आली. अकराव्या दिवशी दवाखान्यातच वारला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, दिवा चालू व्हता का बंद? रहिमानच्या तोंडातनं गेलं, "चालू आसंल." कागदावर लिहिलं गेलं, कामगारानं उतावळेपणा केला. भावकीत तेच झालं. दीर कौशल्याबाईला म्हणायचा, घाई केली, सोताच्या हातानं मेला.

दिवा धगीवर जळत न्हाई, फरकावर जळतो. पाणी थांबलं, दुसरं अंगबी तापलं, फरक संपला, दिवा गेला. पाइप तसाच पेटलेला. हे रहिमानला चौकशीत साहेबांसमोर खुर्चीवर बसल्याबसल्याच उमगलं व्हतं. तरी तो बोलला न्हाई. तवापासनं दिवा बंद दिसला की त्याला पलीकडनं ती हाक ऐकू यायची.

चार महिन्यांनी शेड पुन्हा सुरू झाली. नवी इंजिनिअर उत्कर्षा आली. चौकशीचा कागद वाचून तिनं भिंतीवर पाटी लावली: दिवा विझल्यावरच पाइप उघडावा. रहिमान पाटीसमोर उभा, हलंना.

"काका, वाकडी लागली का?"

"पाटी सरळ हाय, बाई. काढून टाका ती."

त्यानं इंजिन चालवलं, थांबवलं, कॉक पिळले. दिवा इझला. मग त्यानं पाइपाच्या उघड्या टोकावर ओंजळभर पाणी मारलं. चर्र करून पाणी उडालं. उत्कर्षा मागं सरली. तिनं पाटी उतरवली, आन् रहिमाननं समदं सांगितलं.

तिथनं तो बसमधी बसला न्हाई, थेट कौशल्याबाईकडं गेला. तिनं चहा ठेवला. त्यानं सांगितलं. चहा तसाच राहिला.

"म्हंजी त्यांनी घाई केली न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई, वहिनी. घाई माझी."

"नट किती येळ लावून खोलला?"

"लई येळ. नेहमीसारखाच."

तिनं डोळ्याला पदर लावला न्हाई. "चल. हे माझ्या दिरासमोर म्हण. आत्ताच्या आत्ता."

दिराच्या अंगणात, चार माणसांदेखत, रहिमाननं ते पुन्हा म्हटलं. दीर पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. घरी येऊन कौशल्याबाईनं गार चहा मोरीत वतला, कप विसळून उपडा घातला. "ह्या घरात पुन्हा येऊ नको," म्हणाली. एरवी भाऊ म्हणायची, आज म्हटलं न्हाई.

कासारवाडीला पोचला तवा अंधारलं व्हतं. मुमताजनं दिवे बंद केलेले. उंबऱ्यात पाय ठेवला आन् आतनं बबनरावाची हाक आली.

"मावळला का रं?"

बटणाकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला.

"न्हाई रं," तो अंधाराला म्हणाला. "हात लावू नको. थांब."