शिरवळचं पाणी आणि मालकांचं पोट

त्या पाण्यानं बरं वाटायचं, हे आधीच सांगून टाकते. बरं वाटलं नसतं तर माझं काम सोपं झालं असतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे मालक पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघं जत तालुक्यात आमच्या गावी, मुलगा शिरवळला कारखान्यात. मालकांच्या छातीखाली जळजळायचं. पोटात काही नसलं की जास्त. दिवेलागणीला ते अंगणात फेऱ्या घालायचे आणि मी भाकरी थापता थापता त्यांच्या पायांचा आवाज ऐकत राहायची. आवाज थांबला की बाहेर डोकवायची, चालू झाला की पुन्हा चुलीपुढे. एक भाकरी धड भाजली जात नसे.

मुलगा सुट्टीला आला तो बाटल्यांचं खोकं घेऊन. शिरवळला हायवेच्या कडेला कुणीतरी ते पाणी विकायला लागलं होतं, पोटातलं आम्ल मारतं म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंतची. लेबल अक्षराला अक्षर लावून वाचलं. 'क्षारयुक्त पाणी.' मला हसूच आलं. आमच्या बोअरला क्षाराशिवाय दुसरं होतं काय? हंड्याला आतून पांढरी पुटं चढायची, तुरीची डाळ तासभर उकळून टणक राहायची. म्हणून तर आम्ही टँकरची वाट बघायचो, आणि टँकर आमच्या बौद्धवस्तीत सगळ्या गावाला पाणी देऊन झाल्यावर यायचा.

"आई, ह्ये येगळं हाय," मुलगा म्हणाला. "ह्यात मापानं घातलेलं असतंय."

"मग आपल्या बोअरचं न्हे की भरून. तितं इक."

मालकांनी मात्र बाटली फोडली, अर्धी संपवली, मोठी ढेकर दिली आणि भिंतीला टेकून बसले. कितीतरी दिवसांनी ते असे स्वस्थ बसले होते. "आग इझली गं," म्हणाले. मी पण खूश झाले. का होऊ नये?

मग बाटली हातातून सुटेना. रानात बाटली, कट्ट्यावर बाटली. कट्ट्यावरची म्हातारी माणसं चिडवायची.

"काय हवालदार, क्यांटीनची रम सपली व्हय? नुस्त्या पाण्यावर आलासा?"

"औषध हाय रं गड्या."

"मग आमच्या बी घशात वता की थोडं. आमी काय निरोगी हाय व्हय?"

सगळे हसायचे, मालकही हसायचे. माझं लक्ष त्यांच्या ताटाकडे होतं. तीन भाकरी खाणारा माणूस अर्ध्यावर आला. ठेच्याकडे बघेना. विहिरीचा चढ चढताना मधेच थांबून बांधाकडे बघायला लागला, जसं काही बांधावर बघण्यासारखं होतं. नखं पांढरी पडली. मी म्हणायची, "मिरजंला जाऊन दाकवून येऊ." ते बाटली वर करून दाखवायचे.

त्यांचा थोरला भाऊ असाच पोट धरून मिरजेला गेला होता. मोठा आजार निघाला. गावात परत आला तो जीपमध्ये आडवा. तेव्हापासून आमच्या घरात मिरजेचं नाव काढलं की मालक उठून बाहेर जायचे. पाण्यावरच्या विश्वासापेक्षा मिरजेची भीती मोठी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती वाटते असं हवालदार बोलणार कसा?

बाटल्या संपल्या. मुलगा लगेच येणार नव्हता. मी रिकाम्या बाटलीत टँकरचं पाणी भरलं, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला, हलवलं आणि ठेवून दिली. मालक प्यायले. ढेकर आली. "ह्ये पाणी म्हंजे पाणी हाय," म्हणाले.

"सोडा हाय त्यो. भज्यातला. टँकरच्या पाण्यात कालवलाय मी."

मला वाटलं आता तरी डोळे उघडतील. ते बाटलीला बूच लावत म्हणाले, "मग ब्येसच झालं की. सोड्यावर भागतंय तर मिरज कशाला? खोकी बी नगोत."

माझीच अक्कल माझ्यावर उलटली. तसलं पाणी विकत घ्यावं का, असं मला आता कुणी विचारलं तर मी सांगते, सोड्याला बाटली कशाला लागते? आणि नुसती तहान लागली असेल तर साधं पाणी काय वाईट आहे? पण त्या दिवशी हे बोलून उपयोग नव्हता. स्वस्त औषध मिळाल्यावर माणूस महागाचं सोडतो, आणि दुखणं आत तसंच राहतं.

दोन दिवस गेले. कशातच मन लागेना. तिसऱ्या सकाळी लुगडं बदललं, पिशवी भरली आणि पोट धरून उंबऱ्यात बसले.

"काय झालं?"

"पोटात कळा याय लागल्यात. मी मिरजंला निगाले. तुमाला यायचं न्हाई तर नगा येऊ, मी एकटी जाती."

एकटीला कसं सोडतील? टोपी घातली, सोड्याची बाटली घेतली आणि निघाले. एस.टी.त सारखे विचारत होते, "लय दुकतंय का?" मी "व्हय" म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

दवाखान्यात नंबर आला. डॉक्टर केस पिकलेला, आवाज करडा. मी मालकांनाच स्टुलापाशी ढकललं. "सायेब, दुकणं माजं न्हाई, ह्यांचं हाय."

मालक दाराकडे माघारी वळले. डॉक्टर खाली बघत होते, मान न उचलता म्हणाले, "बसा."

आणि मालक बसले. पलटणीत डॉक्टर म्हणजे अधिकारी. अधिकाऱ्यानं बस म्हटलं की पाय आपोआप वाकतात. एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर मी त्यांना इतक्या लांब आणलं होतं.

तोंडातून दुर्बिणीची नळी पोटात घालायची म्हणाले, त्याला पोट रिकामं लागतं. एस.टी.त ते सोड्याचं पाणी प्यायले होते. दुपारपर्यंत थांबा म्हणाले. त्या बाकावर मी किती वेळा उठले, किती वेळा बसले. मालक समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि दोघांच्याही डोक्यात तीच जीप होती. मध्येच म्हणाले, "भावावानी निगालं तर घरला न्ही मला. हितं ठिवू नगं." मी म्हणाले, "गप बसा." दुसरं काय म्हणणार?

ते आत गेले, बाहेर आले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मोठा आजार नव्हता. जखम होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं. विचारलं, कसल्या गोळ्या खातात? मालकांनी खिशातून गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या, उपाशीपोटी घेतलेल्या, वर तेच पाणी. मला घरात पत्ता नव्हता.

"ह्या बंद," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

नळीसाठी घसा बधिर केला होता, त्यामुळे मालकांना धड बोलता येत नव्हतं. ते बाकावर बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि खांदे हलायला लागले. मी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी टोपीनं तोंड पुसलं, ते पाकीट माझ्या हातात दिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ठिव. कुणाला तरी लागत्याल."

मी दवाखान्याच्या दारात आले आणि पाकीट गटारात टाकलं.