किल्ल्या आमच्याकडे आल्यावर

अकोल्यातली आमची इमारत काकाजींच्या जागेवर उभी; जमीनमालकांना सगळे काकाजीच म्हणायचे. फ्लॅट आमच्याकडे लांब मुदतीच्या लीजवर, पण कारभार त्यांचाच. ते बहुतेक वेळ हिवरखेडला शेतावर असायचे. इकडे लिफ्ट बंद, गटार तुंबलेलं, गच्चीला कुलूप. फोन केला की "पाहू" म्हणायचे. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून संस्था केली, वकील गाठला आणि कारभार आपल्याकडे घेतला. सचिव मी झालो. काकाजींनी तंटा केला नाही. किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि गेले. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मात्र काकाजींचाच राहिला होता. तो त्यांनी अचलपूरच्या एका मुसलमान नर्सला आणि तिच्या आईला भाड्यानं द्यायचं ठरवलं. आता भाडेकरू ठेवायला संस्थेची संमती लागायची. तो नियम आम्हीच केलेला. म्हणून काकाजी बैठकीला आले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

खरं कारण उघड कोणी बोललं नाही. एक जण म्हणाला, पार्किंगची अडचण होईल. दुसऱ्यानं खाण्यापिण्याचा विषय काढला. नर्सकडे गाडीच नाही, हे मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. बदली होऊन अमरावतीहून आलो तेव्हा आडनाव ऐकून या शहरात किती दारांतून परत फिरलो होतो, ते बायको अजून विसरलेली नाही. तरी मी मान खाली घालून 'संमती नाही' असं लिहून घेतलं.

काकाजी उठले. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "तुमाले फ्लॅट देतानी मी कोनाले इचारलं नव्हतं."

घरी बायकोनं काय ठरलं ते विचारलं. मी सांगितलं. तिनं ताट वाढून दिलं आणि आत गेली.

सकाळी मी एकेका सभासदाच्या दारी गेलो. पुन्हा बैठक घेऊ, मी बोलतो, म्हणालो. दोघे कुरकुरले, बाकीचे तयार झाले. त्यांनाही चैन पडलं नसावं. बैठक झाली, संमती मिळाली. मी लगेच काकाजींना फोन लावला.

"पोरीनं दुसरीकडं खोली घेतली," ते म्हणाले. "आता तिले कोन्या तोंडानं बोलावू मी?"

तो फ्लॅट अजून रिकामाच आहे. लोक माझ्या कारभाराचं कौतुक करतात, तेव्हा मला वर पाहवत नाही.