जयवंताची बिनपाण्याची जेली

जयवंताला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बदलीनंतरच्या पहिल्याच दिवशी. सौंसरहून बोरगावकडे जाताना एक लहानसं खेडं लागतं, तिथल्या शाळेत मी रुजू झाले होते. दुपारची सुट्टी झाली. मुलं ओट्यावर ओळीनं बसली, आणि शाळेतलं जेवण रांधणारी एक ठेंगणी बाई पदर खोचून, भरलेलं ताट घेऊन थेट माझ्यापुढे उभी राहिली. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी.

"म्याडम, आधी तुम्ही जेवा. मंग पोट्ट्याईले वाढतो."

"चाखायचंच आहे ना? एक घास पुरे," मी म्हणाले.

"घासानं काय कळते जी? ताटभर जेवा."

मी जेवले. ती समोर उभीच. माझ्या तोंडाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, पाहत होती ती ताटाकडे. ताट रिकामं झालं तसं तिनं ते उचललं, "मीठ बरोबर असन," असं स्वतःशीच म्हणाली आणि मुलांना वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी ताट पुढे करण्याआधी तिनं सांगून टाकलं, "म्याडम, आम्ही बौद्धवाड्यातले. मागून कळून ताट अर्धं राहाण्यापेक्षा आधीच सांगतलेलं बरं." मी ताट हातात घेतलं आणि विचारलं, आज भाजी कशाची. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. पण एवढं कळलं, की कुणी "छान झालं" म्हटलं तरी ती त्यावर विसंबत नसे. "तोंड खोटं बोलते म्याडम. ताट नाही बोलत."

मी निवृत्त झाले, सौंसरला राहू लागले, तरी आमचं जाणं-येणं सुटलं नाही. तिच्या घरी गेलं की बहुतेक वेळा वच्छलाबाई तिथे बसलेली असायची. वच्छलाबाई म्हणजे गावच्या केशवरावांची बायको. त्यांचा संत्र्याचा बगीचा गावाला लागूनच. जयवंता तरुण होती तेव्हा तोडणीच्या दिवसांत तिथे फळं निवडायला जायची. एका दुपारी वच्छलाबाईनं झाडाखाली बसून तिच्या फडक्यातली भाकर आणि ठेचा मागून खाल्ला. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. वच्छलाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी असलेल्या भांड्याला ती हातही लावत नाही. म्हणून जयवंतानं तिच्यासाठी रांधायचा एक गंज, म्हणजे पातेलं, आणि दोन वाट्या वेगळ्या ठेवल्या होत्या. घरात कोंबडं शिजायचं ते बाहेरच्या चुलीवर, त्या भांड्यांपासून लांब. बाजार करून परतताना वच्छलाबाई आधी जयवंताकडे टेकायची आणि मग घरी जायची. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. काहींना ते पाहवतही नव्हतं.

मग डिंपलचा वाढदिवस आला. डिंपल ही जयवंताची नात, आठवीतली. तिचा बाप संदीप नागपुरातल्या एका मोठ्या दुकानातून जेलीचा डबा घेऊन आला. गरम पाण्यात भुकटी घालायची, थंड करायची, झालं. लालभडक, थरथरणारी जेली पाहून वच्छलाबाई लहान मुलीसारखी हसली होती. चमच्यानं टिचकी मारायची आणि म्हणायची, "अवो, हे त जित्तं आहे!" दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी मागितली तर संपलेली.

डिंपलनं रिकामा डबा रंगीत पेन्सिली ठेवायला घेतला. दोन दिवसांनी वच्छलाबाईचा नातू वैभव सुट्टीवर आला. तो नागपूरला औषधशास्त्र शिकतो. त्यानं तो डबा डिंपलच्या हातात पाहिला आणि उलटून वाचला. जेली हाडं-कातडं उकळून काढलेल्या चिकाची होती. डब्यावर मांसाहाराची तांबूस खूणसुद्धा होती. जयवंतानं ती खूण पाहिली होती. लाल जेलीचा लाल ठिपका, असं समजून तिनं सोडून दिलं होतं.

त्या दिवसापासून वच्छलाबाईनं जयवंताच्या घरी पाणी घेणंही थांबवलं. भांडण नाही, बोल नाही. बाजारातून येताना दारात उभी राहायची, डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवायची. "च्या ठेवू?" विचारलं की "आत्ताच पेली वो," म्हणायची आणि पिशवी उचलायची.

शेजारची एक बाई जयवंताला म्हणाली, "म्या त आधीच म्हटलं होतं. निमित्तच पाह्यजे असते त्याईले."

हे सांगताना जयवंता मेथी निवडत होती आणि चांगली पानं टाकून देत होती. "म्याडम, हाडाचा राग असन त मले चालते. चूक माहीच आहे, पाय धरीन. पण घराचा असन त..." तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. मग म्हणाली, "इतक्या वर्साचं जेवण खोटं होते मंग."

उपाय डिंपलनं काढला. मोबाइलवर तिला एक हिंदी बोलणारी बाई सापडली, जी चायना ग्रासची जेली करत होती. समुद्रातल्या शेवाळाच्या पांढऱ्या, वाळक्या काड्या. त्यात ना हाड, ना कातडं. मी पांढुर्ण्याला बहिणीकडे गेले होते, तिथल्या किराणा दुकानातून दोन पुड्या आणल्या. जयवंतानं आधी पुडीवरची खूण पाहिली, मग मला दाखवली, मग डिंपलला. "हिरवी आहे ना? दोघी मिळून सांगा." आम्ही दोघींनी सांगितलं.

मग ती बगीच्यात जाऊन वच्छलाबाईला स्वतः बोलावणं करून आली. "आयतवारी या. शेवाळाची जेली करून राहिली. वैभवलेच वाचाले लावा."

"पाहीन," वच्छलाबाई म्हणाली.

"'पाहीन' म्हणजे नाहीच," जयवंता मला म्हणाली. तरी रविवारी मी पोचले तेव्हा तिनं वेगळ्या ठेवलेल्या गंजात संत्र्याचा रस काढून ठेवला होता. आंबिया बहाराची, दिवाळीच्या सुमाराला उतरणारी फळं, ताजी तोडलेली. रस सकाळीच फडक्यातून दाबून, बियांसकट पिळून काढलेला.

डिंपल मोबाइल धरून उभी होती. "आजी, ते बाई म्हणते आधी काड्या साध्या पाण्यात उकळा. पूर्ण विरघळल्या की मंग रस टाका."

"पाणी?" जयवंतानं कमरेवर हात ठेवले. "संत्र्याच्या रसात पाणी?"

"हाव. तसंच दाखवून राहिली."

"तिच्या गावात संत्री नसतीन. आपल्या इकडे रसात पाणी टाकलं त लोक काय म्हणतीन? जयवंतानं पाहुणीले पाणी पाजलं! अन् ते पण बगीच्यावालीले!"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे पाहुण्याच्या पेल्यात निव्वळ रसच लागतो. पाणी घातलं की घरची मंडळी कंजूस ठरतात, आणि ती गोष्ट पोरांच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवली जाते. जयवंतानं काड्या थेट रसात टाकल्या आणि गंज गॅसवर चढवला. रस उकळला, फेसाळला. काड्या काही विरघळल्या, काही दोऱ्यांसारख्या तरंगत राहिल्या. ती ढवळत राहिली. शेवटी वाट्या भरून तिनं ओट्यावर मांडल्या.

आम्ही वाट पाहू लागलो. डिंपल दर थोड्या वेळानं वाटी तिरपी करून बघायची.

"थिजली का?"

"पोहून राहिली."

"हात लावू नको. लाजत असन."

एवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. वच्छलाबाई आली होती, आणि आज दारात थांबली नाही. सरळ आत आली, स्वयंपाकघरात पाट ओढून बसली. "कुठी आहे तुही जेली?"

जयवंताचा चेहरा उतरला. "थिजलीच नाही जी. उद्या या."

"उद्या कायले? आज आली ना मी."

"ते पिवळं पाणी झालं वो. तुम्हाले कसं देऊ?"

वच्छलाबाईनं ओट्यावर हात लांब करून आपली वाटी स्वतःच उचलली, आणि वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला मात्र, तिचे डोळे बारीक झाले. बियांसकट पिळलेला, वर उकळलेला रस कडूजहर झाला होता. मी माझ्या वाटीतला थेंबभर चाखला होता, म्हणून मला माहीत होतं. जयवंता तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती वाटीकडे बघत होती.

वाटी रिकामी झाली. वच्छलाबाईनं तळाशी राहिलेल्या दोन काड्यासुद्धा बोटानं निपटून खाल्ल्या.

"कडू आहे," ती म्हणाली.

"हाव," जयवंता म्हणाली.

"लय कडू आहे."

"हाव जी."

"अजून दे."

दुसरी वाटीही गेली. तिसरी मागितली तेव्हा डिंपलनं हसू आवरायला ओढणी तोंडात कोंबली. जयवंताला मात्र आता राहवेना. "मंग इतके दिवस च्या कावून नाही पेल्या माह्या घरी?"

"अवो, मी नेम धरला होता! कार्तिकी एकादशीपर्यंत बाहेरचं काहीच नाही. पोरीच्या घरी गेली त तिथीही पाणी नाही पेली. जावई रुसला."

"मले सांगाव ना!"

"नेम सांगत असतात का?" वच्छलाबाईनं रिकामी वाटी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अन् सांगू कोणत्या तोंडानं? ते हाडाचं मी चाटूनपुसून खाल्लं. वर तिसरी वाटी मागतली! तू चुकून दिली, मी त हौसेनं खाल्ली. मलेच लाज वाटे तुह्या दारात बसाची."

"अवं माय!" जयवंता मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. आम्हाला वाटलं रडते आहे, पण पदराआड ती हसत होती. दोन्ही असावं.

"एकादशी काल झाली," वच्छलाबाई म्हणाली. "आज बारस सोडून पहिल्यांदा तुह्याच घरी आली, त तू हे कडू काढा पाजून राहिली. उठ. दुसरी पुडी आहे का नाही?"

होती. केशवरावांच्या बगीच्यातून वच्छलाबाईनं पिशवीभर संत्री आणलेलीच होती. या वेळी आम्ही चौघींनी मिळून फोडी सोलल्या, बिया वेगळ्या काढल्या, मग रस काढला. काड्या भिजवून गंजात पाणी घालायची वेळ आली तेव्हा जयवंताचा हात परत थबकला.

"टाक वो बाई," वच्छलाबाई म्हणाली. "मी बगीच्यावाली सांगून राहिली. कोणी नाव ठेवलं त माह्याकडे पाठव."

काड्या पाण्यात उकळून काचेसारख्या निवळल्या. मग गॅस बंद करून त्यात कोमट केलेला रस आणि साखर. वाट्या ओट्यावर ठेवल्या. फ्रीजची गरजही पडली नाही. चहा होऊन भांडी घासेपर्यंत जेली थिजली होती. जयवंतानं वाटी ताटात उपडी केली. नारिंगी डोंगर थरथरला, पण उभा राहिला. ती बराच वेळ त्याच्याकडे नुसती बघत बसली. मग शेजारणीसाठी एक वाटी भरून डिंपलच्या हाती दिली. "त्याईले सांग, वच्छलाबाईनं खाऊन उरली तेच आहे."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. जयवंताचे गुडघे आता धरतात, म्हणून शाळेतला स्वयंपाक तिची सून करते. जयवंता घरीच असते. बाजाराच्या दिवशी वच्छलाबाई तिच्याकडे जेवून मगच घरी जाते.