खफजीच्या गारठ्यात लावलेलं दही

“हा गुढीपाडवा मी वसंताला श्रीखंड वाढूनच करणार,” असं सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, जाहीर केलं तेव्हा आमच्या रियाधच्या घरातल्या खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या अजून काढायच्या होत्या. आखाती युद्ध नुकतंच थांबलं होतं. वसंता तिचा धाकटा भाऊ, चिपळूणचा, खफजीतल्या एका कंपनीच्या कामगार-कॅम्पमध्ये वेल्डर. खफजी म्हणजे किनाऱ्यावरचं सौदीचं उत्तरेचं टोक, पुढे लगेच कुवेत. जानेवारीत गावावर तोफगोळे पडले, कॅम्प रिकामा झाला आणि कित्येक दिवस वसंताचा पत्ता नव्हता. मग दम्मामहून फोन आला, “ताई, मी धडधाकट आहे.” सुनंदाला ते पटलं नाही. समोर बसून पोटभर जेवल्याशिवाय माणूस धडधाकट आहे हे ती मान्यच करत नाही.

कॅम्पची माणसं कामावर परतली आणि आम्ही पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. रियाध ते दम्माम रस्ता गुळगुळीत. टाकी फुल करा, खिशाला कळतही नाही. दम्मामनंतर किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला वळलो, तशा समोरून परतणाऱ्या लष्करी ट्रकांच्या रांगा सुरू झाल्या. चेकपोस्टवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवायचा, डिकी उघडायची. एका शिपायाने बर्फाच्या पेटीतली दुधाची खोकी आणि विरजणाची बाटली बघून विचारलं, “ऐश हादा?” हे काय, म्हणून. मी म्हटलं, “हलीब.” एवढं दूध घेऊन कुणी रणांगणाकडे जातं का, असा चेहरा करून त्याने आम्हाला सोडलं.

तयार चक्का का नेला नाही? मीही हेच विचारलं आणि बोलणी खाल्ली. दिवसभराच्या प्रवासात तो आंबला असता, आणि दुकानातलं लबने, म्हणजे तिकडचा चक्का, खारट. “दूध रात्री विरजलं की सकाळी दही. रियाधमध्ये तर सकाळी विरजलेलं दुपारपर्यंत लागतं,” इति सुनंदा.

आणि तिथेच फसलो. सौदी म्हणजे भट्टी, हे आमच्या डोक्यात पक्कं. स्वेटर दोघांचेही घरी. खफजीचं सांगायचं तर जानेवारीत पहाटे नळाचं पाणी हाताला सोसत नाही आणि ऑगस्टमध्ये त्याच नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. मार्च एरवी सुखाचा. पण त्या वर्षी कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. वाऱ्याने धूर इकडे वळवला की भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागत, आणि ऊन नाही म्हणजे थंडी. समुद्रावरचा वारा हाडात शिरत होता.

वसंता कॅम्पच्या फाटकाशी उभा होता. गालफडं बसलेली. सुनंदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डिकीतली बर्फाची पेटी उतरवायला घेतली. अजून न परतलेल्या एका फोरमनची रिकामी केबिन आम्हाला मिळाली. तिने दूध कोमट केलं, विरजण लावलं, पातेलं चादरीत गुंडाळलं.

पाडव्याच्या सकाळी झाकण काढलं तर आत दूध. जसंच्या तसं!

“राहू दे गं ताई. वरणभात कर, तेवढं पुरे,” वसंता म्हणाला. सुनंदाचे डोळे भरले. मला त्या थंडीचा असा संताप आला की काय सांगू! एवढी लढाई संपली आणि आम्ही हरायचं ते पातेलंभर दुधापुढे?

तेवढ्यात तिने भावाचा हात धरला. “तुझे हात कसे रे गरम?”

“वर्कशॉपमधून आलो ना. वेल्डिंगचे रॉड सुके राहावेत म्हणून तिथे ओव्हन चालू असतो. आम्ही त्यावरच हात शेकतो.”

“ओव्हनवर पातेलं राहील?”

“आतमध्ये दूध फाटेल.”

“आत नाही रे. वर. खाली फळी घालून.”

वसंता पिकअपमध्ये पातेलं मांडीवर घेऊन निघाला. मी फळी धरून मागे. वर्कशॉपचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन आधी डाफरला, मग सणाचं कळल्यावर स्वतःचं जाकीट पातेल्याभोवती गुंडाळून म्हणाला, “यल्ला, चला, काम करा!” वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि मी दह्याची राखण करत होतो. दुपारी वसंताने पातेलं हलकेच कलतं केलं. दही हललं नाही. “लागलं!” तो एवढ्याने ओरडला की पलीकडच्यांनी मशीनं बंद केली.

सुनंदाच्या सुती ओढणीत बांधून ते केबिनमध्ये मचाणाचा एक पाइप आडवा टाकून त्याला टांगलं. बाहेर काजळी पडत होती आणि आत पाणी ठिबकत होतं. गुढी उघड्यावर उभारायची सोय नव्हतीच. आम्ही त्या गाठोड्यालाच हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. मला ती आजवरची सगळ्यात देखणी गुढी वाटली.

संध्याकाळी वेलचीचं श्रीखंड झालं. फोरमनची वाटी आधी गेली. वसंता खाली मान घालून जेवत होता. सुनंदा डाव घेऊन समोरच बसली होती.

तुम्ही खफजीला जाणार असाल तर समुद्र छान आहे, मासे ताजे मिळतात, आणि हिवाळा रेंगाळत असला तर स्वेटर घ्याच. आम्ही कुडकुडत गेलो आणि राजासारखे परतलो. इतकं जिंकल्यासारखं मला त्या सबंध वर्षात दुसऱ्या कशानेच वाटलं नाही.

रियाधला पोचल्यावर सुनंदाने चप्पल काढायच्या आधी चिपळूणला फोन लावला. तिकडून आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. “वसंता कसा आहे? खरं सांग हो.”

“बराय, आई,” सुनंदा म्हणाली. “दोनदा मागून घेतलं.”