सखारामतात्यांच्या फळीवरचे दाणे

काडतुसात दारू भरायला बसले की सखारामतात्या कुणाला बोलू देत नसत. मधेच कुणी शिंकलं तरी भरलेलं काडतूस रिकामं करून पुन्हा पहिल्यापासून. "तोंड बंद तं घर बराबर," म्हणायचे.

मस्तगडला आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तात्यांची खोली एवढीशी की चूल, खाट आणि माणसं यांनीच भरायची. निजामाच्या काळात ते एका जहागीरदाराच्या शिकारखान्यात होते. काडतुसं भरण्याचं कसब तिथलंच. रानडुकरांनी पिकं नासली की खेड्यातले परवानेवाले शेतकरी झडलेली काडतुसं घेऊन यायचे. मग खाटेखालून काडतुसं उभी करायला भोकं पाडलेली फळी निघायची, सोबत एक पत्र्याची पेटी. चूल विझलेली आहे ना, हे तात्या हात लावून बघायचे. जेवणवेळेला सगळा कारखाना पुन्हा खाटेखाली, कारण भाकरी वाढायला तेवढीच जागा. "सरकारी फॅक्टरीबी येवढी जल्दी उठत न्हाई," असं त्यांची बायको, गयाकाकू म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले त्याला महिनाही झाला नव्हता. एका दुपारी सूप परत द्यायला गेले. कुणी हाक मारली म्हणून तात्या बाहेर गेले होते. काकू शेजारी ज्वारी पाखडत होत्या. फळीवर दोन काडतुसांपुढे ज्वारीचा एकेक दाणा पडलेला दिसला. अन्न पायदळी जाऊ नये, हे आईनं लहानपणापासून अंगी लावलेलं. मी दाणे उचलले, कपाळाला लावले आणि काकूंच्या सुपात टाकले.

तात्या आले. फळीकडे बघत जरा थांबले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माझ्याकडेही पाहिलं त्यांनी. काय झालं, असं विचारावं वाटलं, पण त्यांनी दारूचं माप हातात घेतलं होतं, आणि तिथं बोलायचं नसतं. मी सूप ठेवून घरी आले.

ती काडतुसं केदारखेड्याला गेली, त्यांच्या सख्ख्या पुतण्याकडे, लक्ष्मणकडे. चार दिवसांनी निरोप आला. बंदुकीची नळी फुटली होती आणि लक्ष्मणचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

तात्या फळीपुढे बसून काकूंना म्हणाले, "भरलं की म्होरं दाणा ठेवायचो गं. त्या दिशी दाणाच न्हाई दिसला. मंग म्या त्यातच पुन्हा दारू भरली."

दाणे मी उचलले होते, हे तिथंच सांगून टाकलं. काकू रडायला लागल्या. तात्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"तू बोलली का न्हाईस, पोरी?"

"तुम्हीच बोलू देत नाही, तात्या."

त्यांनी मान हलवली. "बिलकुल बराबर. माझाच कायदा."

माझ्याबद्दल वाईट शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. फळी काकूंनी चुलीत घातली. तात्या लक्ष्मणला भेटायला दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यानं दार उघडलं नाही. पुढं त्यांची नजर पूर्ण गेली, आणि पावसाळ्याआधी तेही गेले. मातीला लक्ष्मण आला. डाव्या हातानं माती टाकली आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

माझ्या सुना म्हणतात, सासूबाईंना अन्नाची किंमत नाही. दाणा पायाखाली आला तरी वाकत नाहीत. मी त्यांना कधी काही सांगितलं नाही.