लायब्ररीसाठी तीन मिनिटं

सिटी हॉलमध्ये नोकरी करा, किस्से आपोआप साठतात. आमच्या न्यू जर्सीतल्या छोट्या शहरात तर कौन्सिलची मीटिंग म्हणजे फुकटचं नाटक. त्यात मी दिवे सांभाळते. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की मी माइक बंद करायचा. यासाठी पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतली, यार!

एक आजोबा प्रत्येक मीटिंगला शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार करतात. एकदा आलेच नाहीत. मेयरना काळजी वाटली, त्यांनी पोलीस पाठवला. आजोबा गाढ झोपले होते. कोंबडा आजारी होता!

*

मग जुनी लायब्ररी पाडून तिथे पार्किंग करायचा ठराव आला. वीटभट्टीच्या मजुरांनी सुट्टीच्या दिवशी राबून बांधलेली इमारत ती. ठराव मांडणारे कौन्सिलमेंबर रॉन जागा बघायला निघाले आणि त्यांनी मलाच फोन करून पत्ता विचारला. त्यांचा जन्म याच गावातला! मी शांतपणे पत्ता सांगितला. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि ओरडले.

माझ्या बॉसला, म्हणजे मीटिंगचे नियम सांभाळणाऱ्या सिटी क्लर्कला म्हटलं, मला या ठरावावर बोलायचंय. ती म्हणाली, "बोल ना. पण मग दिवे दुसरं कोणीतरी सांभाळेल. कायमचं."

*

शेवटी माझ्याऐवजी बोलायला साठेकाका तयार झाले. इथले जुने डॉक्टर, आता रिटायर्ड. स्ट्रोकनंतर एकेक शब्द शोधत बोलतात. त्यांच्या किचनमध्ये प्रॅक्टिस केली, तर तीन मिनिटांत पहिलं पानही संपेना.

"लग्नात यांचा उखाणा संपेपर्यंत पंगत उठली होती," काकू म्हणाल्या. "तेव्हा तर स्ट्रोकही नव्हता."

मी वैतागून म्हटलं, काका, निदान शेवटचं पान कापा. ते जुन्या लायब्रेरियनबद्दल होतं. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात काका हॉस्पिटलमध्ये राबत असताना तिने काकूंना रोज हीटरजवळ बसवून इंग्लिश शिकवलं होतं. पण ती मेयरची आई. लोकांना मस्का वाटेल.

काकांनी ते पान हातात घेतलं.

"मग... तिला... वगळू?"

*

मतदानाच्या दिवशी हॉल भरला होता. कौन्सिलमध्ये दोन्ही बाजूंना सारखी मतं पडणार हे उघड होतं, म्हणजे सगळं मेयरच्या एका मतावर. काका बोलायला लागले. पहिल्या पानाच्या मध्यावरच लाल लागला. माझा हात बटणावर थांबला. बॉस माझ्याकडे बघत होती.

मी माइक बंद केला. काकांचे ओठ हलतच होते. मग ते पानं पोडियमवर तशीच ठेवून जागेवर जाऊन बसले.

पुढचा नंबर स्कूल बस चालवणाऱ्या ग्लोरियाचा. तिने स्वतःचा कागद खिशात घातला आणि काकांचं भाषण तुटलं होतं तिथून वाचायला सुरुवात केली. तिचा लाल लागल्यावर मागच्याने पुढचं वाचलं. मग कोंबडेवाल्या आजोबांनी, कोंबड्याचं नावही न काढता.

हे नियमात बसत नाही, रॉन म्हणाले.

"ज्याची तीन मिनिटं, त्याने काय वाचायचं ते तो ठरवेल," बॉस म्हणाली. माझ्याकडे न बघता.

रांग संपली. शेवटचं पान उरलं. काका उठायला लागले, काकूंनी हात धरून त्यांना बसवलं. त्यांची तीन मिनिटं वापरून झाली होती.

मेयर खुर्चीतून उठून पोडियमपाशी आले. पान उचललं. पहिली ओळ मनातच वाचली. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझी तीन मिनिटं लाव."

मी हिरवा लावला.