मनगटावरची तीन बोटं

भूत, करणी, भानामती यांच्या विरोधात पत्रकं वाटत मी मोठी झाले. बाजाराच्या दिवशी पुढे मी आणि मागे अण्णा, म्हणजे माझे वडील. मला अक्षरओळखही पत्रकांवरूनच झाली. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... आज मीच लिहायला बसले आहे. कारण मी जे पाहिलं ते भरदुपारी, लख्ख उन्हात आणि अगदी हाताच्या अंतरावरून.

अण्णा मुदखेडला रेल्वेत होते. बाईच्या हक्कांवर ते असे बोलायचे की सभेतल्या बाया डोळे पुसायच्या. तेच अण्णा घरी आले की कमरेचा पट्टा काढायचे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी लपवायला मी तयार नाही. त्यांच्या एका थपडेनंतर माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं. तेव्हा आईने माझी पिशवी भरली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला होता. "हितं पाणी न्हाई, दुष्काळ सरंस्तवर नानाकडं राहा," असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत तिने मला मुरुडकडे पाठवलं. मुरुडला तरी कुठे पाणी होतं! टँकरच्या रांगेत एक म्हातारी म्हणाली, "पाण्यासाठी मुरुडला आलीस? मंग जेवायला मसणात जाती का?"

नाना अण्णांचे धाकटे भाऊ. ते पाट्या रंगवायचे. दुष्काळात बाकीच्यांचे हात रिकामे असताना त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण दुकानादुकानावरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं होतं. "पाऊस पडला न्हाई, जिल्हा पडला," ते म्हणायचे, "चला, काहीतर पडलं!"

त्यांची सुजाता माझ्याच वयाची. तिला मी मनातून पाण्यात पाहायचे. "बाबा, सरका की, अक्षरावर सावली पाडून राहिलाव," असं ती बापाला खुशाल म्हणायची. त्यांच्या ताटातली भाकरी उचलायची. तिच्या कपड्यांचा, रिबिनींचा मला हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो तिच्या खांद्यांचा. संध्याकाळी दार वाजलं की माझे खांदे आपोआप कानांपर्यंत जायचे. तिचे जागचे हलायचे नाहीत.

एकदा एका किराणा दुकानाच्या पाटीवर तिने सवयीने पुन्हा 'उस्मानाबाद' रंगवलं. अख्ख्या सकाळची मेहनत वाया. नाना उठले आणि त्यांचा हात वर गेला. तो हात मी ओळखला. आमच्या घराण्याची तीच पद्धत — आधी कोपर, मग मागे वळणारं मनगट. मी डोळे मिटले. आवाज आला नाही म्हणून उघडले, तर हात खुंटीला अडकल्यासारखा वरच होता.

"सोड माय, न्हाई मारत," नाना म्हणाले. हात खाली आला.

"आजीनं धरला," सुजाता खिदळली आणि टर्पेंटाइनची चिंधी घेऊन पाटी पुसू लागली.

आजी मी लहान असतानाच गेली होती. मी नानांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमचा बाप आसुडानं मारायचा, बाय. दादाला, म्हंजी तुझ्या अण्णाला मारायचा तवा माय चुलीपाशी गप बसायची. भेत होती. माझ्या येळंला मातर उठली अन् बापाचं मनगट धरलं. मंग धरतच राहिली. मेली तरी सोडीना!"

मी त्यांना पत्रकातलं सगळं समजावलं. लहानपणची भीती, अपराधी भावना, आखडलेली शीर.

"असंल," नाना म्हणाले. "मंग मी शिरंला माय म्हणतो, असं समज."

मी भूत मानत नव्हते. तरी त्या दिवसापासून मी त्या आजीवर जळत राहिले. मुरुडला येता येतं, मग मुदखेडला यायला काय झालं होतं?

मग एका दुपारी अण्णा मला न्यायला आले. "चल. शाळा बुडून राहिली."

मला जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणाले, "येत नाही."

त्यांचं कोपर वर गेलं. थप्पड त्याच अधू कानावर बसली.

नाना तेव्हा पाटीला पांढऱ्या रंगाचा थर देत होते. डबा लवंडला होता आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओल्या रंगाने माखला होता. ते उठले आणि तोच हात त्यांनी थोरल्या भावावर उगारला. मला आनंद झाला, लपवत नाही. बसू दे एक, असं मनात म्हटलं.

हात वरच अडकला.

"माय, सोड! आज तरी सोड!" नाना ओरडत होते, हात ओढत होते. डाव्या हातात ब्रश तसाच होता. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. ओल्या रंगात खड्डे उमटत होते. आतल्या बाजूला अंगठा. बाहेर एक बोट, मग कोरी जागा, मग दोन बोटं. आधीच्या दुष्काळात खडी फोडताना आजीचं मधलं बोट गेलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांनीही पाहिलं. मला वाटलं, ते घाबरतील. पण दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे पोर बघतं, तसे ते त्या मनगटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या येळंला कुठं होतीस गं?"

तेच शब्द माझ्या तोंडात होते. जसेच्या तसे.

आजी या वेळी त्यांच्यासाठीच आली होती, हे त्यांना दिसलं नाही. त्यांच्यावरचा मार तिने अडवला होता. मला दिसलं, आणि माझा जळफळाट झाला. मारणाऱ्या लेकासाठी आलीस, आणि मार खाणारी नात शेजारीच उभी होती!

नानांनी रॉकेलच्या चिंधीने हात पुसला. पुरावा तेवढाच होता, तो गेला. अण्णा एकटेच परतले.

शीर आखडते, मान्य. मनाने अंगावर वळ उठतात, तेही मी वाचलं आहे. पण ओल्या रंगात बोटं? मी जाणत्या लोकांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला.

दुष्काळ सरला तशी मी आईसाठी मुदखेडला परतले. थोड्याच दिवसांत तिला मारायला अण्णांचं कोपर वर गेलं. मी एक क्षण वाट पाहिली, खोटं कशाला सांगू. कुणी आलं नाही. मग मीच उठले आणि त्यांचं मनगट धरलं.

एका झटक्यात ते मला भिंतीवर फेकू शकले असते. त्यांनी हात सोडवला नाही. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले, एकेक करून, मध्ये कुठे जागा रिकामी आहे का ते शोधत असल्यासारखे.

नव्हती. सगळी बोटं माझीच होती.